आधी किल्ली, मग तिकीट

आखेन, २१ जून २०२६

प्रिय भाचीबाई,
अनेक आशीर्वाद.

आखेनच्या विद्यापीठात, म्हणजे इथे जर्मनीत, शिकायला येतेय असा तुझा मेल मिळाला. त्यात तू मला तीन वेळा ‘सर’ म्हटलं आहेस. तुझ्या मामाने आणि मी कराडच्या शाळेत एकाच बाकावर बसून मार खाल्लाय, तेव्हा मीही मामाच.

तुझे प्रश्न दोन. स्वस्त तिकीट कुठल्या साइटवर मिळेल आणि प्रवास ठरवायला ॲप कोणतं चांगलं. दोन्हींची उत्तरं देतो, पण उशिरा देतो. कारण तू मुंबईच्या विमानतळापासून पुढे मोजायला लागली आहेस आणि मला वाटतं, उलट मोजावं. इथल्या खोलीची किल्ली तुझ्या हातात कोण देणार, कुठल्या दारात, कोणत्या वारी, किती वाजता? हे कळेपर्यंत तिकिटाकडे फिरकू नकोस.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी इथे उतरलो २ ऑक्टोबर २०१० ला. तिकीट चार हजारांनी स्वस्त होतं म्हणून तो दिवस घेतला होता. वार शनिवार, वेळ संध्याकाळची. हॉस्टेलच्या दाराशी दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन उभा राहिलो, तर किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो हाउसमायस्टर शुक्रवारी दुपारीच घरी गेलेला. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि त्यात ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी. रविवारी आणि सुट्टीला इथली दुकानं बंद असतात. बंद म्हणजे आपल्याकडे अर्धं शटर वर असतं तशी नाही, खरोखर बंद. वारंगळच्या एका सीनियरने जमिनीवर झोपायला जागा दिली आणि सोमवारपर्यंत आम्ही माझ्या आईच्या बेसनलाडवांवर काढलं. गांधीजयंतीला उतरून असा उपास घडला, एवढंच त्यातलं पुण्य.

आता तुझं कॅलेंडर बघ. या वर्षी ३ ऑक्टोबर शनिवारी येतोय आणि त्याला लागून रविवार. म्हणजे शुक्रवारी रात्री पोचलीस तर थेट सोमवारी दूध-ब्रेड. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि हॉस्टेलचे बरेच करार त्याच तारखेपासून असतात. १ तारीख गुरुवारी आहे. ३० सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघून गुरुवारी सकाळी फ्रांकफुर्टला उतरणारं विमान मिळालं, तर दुपारी आखेन आणि शुक्रवारचा अख्खा दिवस हातात. पण हे माझं गणित झालं. हाउसमायस्टर आठवड्यातून काही ठरावीक तासच भेटतो. म्हणून स्टुडियरेंडनवेर्कला, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेला, आजच मेल टाक: ‘मी अमुक दिवशी अमुक वाजता येतेय, किल्ली कशी मिळेल?’ लेखी उत्तर आलं की मग तिकीट.

खोली अजून मिळाली नसेल, तर पहिल्या सात-आठ रात्रींची सोय आधी कर. इथे युथ हॉस्टेल आहे. जगातलं पहिलं कायमचं युथ हॉस्टेल याच राज्यात, आल्टेनाच्या किल्ल्यात सुरू झालं. तुझा मामा ज्या युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाबरोबर हिमालयात ट्रेकला जायचा, तीही त्याच आंतरराष्ट्रीय जाळ्यातली आहे. तिचं सदस्यत्व असेल तर कार्ड आण, इकडे चालतं. तात्पुरती जागा घेताना एक मात्र विचार: तिथल्या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’ करता येईल का? म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पुढची बहुतेक सगळी कामं या नोंदणीला टांगलेली असतात. नोंदणीची अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ लागतो, ती भारतात असतानाच ऑनलाइन बघून ठेव.

‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, किल्ली कुरिअरने येईल’ असं म्हणणारा घरमालक भेटला तर तो घरमालक नाही. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. मला सांग, मी जाऊन बघून येईन.

पैशांचं तू लिहिलंस की ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, भरलंय, आता काळजी नाही. काळजी तिथेच आहे. ते ११,९०४ युरो तुझे आहेत, पण कुलपात. महिन्याला ९९२ सुटणार, आणि तेही इथे आल्यावर बँकेत खातं उघडून ते जोडल्यानंतर. त्याला दोन आठवडे लागतात, कधी चारही. दरम्यान डिपॉझिट, पहिलं भाडं, विमा, उशी-पांघरूण, सगळं दारात उभं. म्हणून किमान दीड हजार युरो वेगळे ठेव. त्यातले तीन-चारशे रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर. पन्नासच्या वरची नोट घेऊ नकोस, बेकरीवाला नाक मुरडतो.

हाच आकडा घेऊन तुला दुसरी गोष्ट सांगतो. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम २०२३ मध्ये ११,२०८ होती, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ झाली. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या बस-ट्राम आणि साध्या गाड्यांचा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाला, २०२५ ला ५८ झाला, यंदा जानेवारीपासून ६३. आता तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी गेलेला सीनियर अगदी मनापासून जी माहिती देतो, ती त्याच्या वर्षाची असते. ग्रुप सोबतीसाठी ठेव. विमानात शेजारी कोण, कुकर कुणाकडे जास्तीचा आहे, हे तिथे विचार. नियम मात्र ज्याचा आहे त्यालाच विचारायचा. व्हिसाचं मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या पानावर, खोलीचं स्टुडियरेंडनवेर्कला, पहिल्या आठवड्याचं विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला, गाडीचं रेल्वेला. एका प्रश्नाला एकच दार. पाच ठिकाणी विचारलंस तर सहा उत्तरं येतील आणि रात्रीची झोप जाईल. एजंटाचं नाव मी मुद्दामच घेत नाही. एपीएसचं, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्र तू स्वतः काढलंस, मग तिकीट काढायला मध्यस्थ कशाला?

आता तिकीट. व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढायचं नाही. व्हिसा हातात आला की तिथेच उभी राहून नाव, जन्मतारीख आणि तो सुरू होण्याची तारीख वाच. त्या तारखेआधी पाऊल ठेवता येत नाही. नावाचा घोळ तर आपल्या मराठी मुलांच्या पाचवीलाच पुजलेला. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिकिटावर, विम्यावर, खोलीच्या करारावर, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच लिही, मग ते कानाला कसंही लागो.

भाडं बघायला गुगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर वापर, पण खरेदी विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर कर. बदल करायची वेळ आली की मधला विक्रेता आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण चेंडूसारखे फिरतो. काही कंपन्यांत विद्यार्थी म्हणून जादा बॅग मिळते, ती धरून भाव कर. नुसता भाव बघून आखाती देशात अकरा तास बसवणारं तिकीट घेऊ नकोस. आणि कराडहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या वर आहे, पाऊस आणि घाट धरून सकाळीच निघा. सोडायला अख्खी गाडी भरून येणार हे मला माहीत आहे. आत्याबाईंना पुण्यातच निरोप घ्यायला सांग.

फ्रांकफुर्टहून पुढे. विमानतळालाच लांब पल्ल्याचं स्टेशन जोडलेलं आहे आणि आखेनला थेट आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, आहे, पण दिवसातून मोजक्याच वेळा. नाहीतर कोलोनला बदलायचं. डीबी नॅव्हिगेटर हे रेल्वेचं ॲप, तेच पुरेसं आहे. त्यात स्वस्त दिसेल ते ‘श्पारप्राइस’. ते त्या एका गाडीलाच बांधलेलं असतं. रेल्वेच्याच दोषाने वीसेक मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या गाडीत बसता येतं, पण तुझं विमान उशिरा आलं तर तो रेल्वेचा दोष नाही, तिकीट पाण्यात. तेव्हा पहिल्या दिवशी कोणत्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घे. काही विमान तिकिटांत रेल्वेचा प्रवास जोडून मिळतो, तेही बघ. एरवी श्पारप्राइसच घ्यायचं, काटकसर नंतर आयुष्यभर आहेच.

आणि हो, तिकीट आहे म्हणजे सीट आहे असं इथे नाही. आरक्षणाचे पैसे वेगळे. दोन बॅगा असताना ते जरूर दे. जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात हे तू कुठेतरी ऐकलं असशील. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि त्यांच्या हिशोबात सहा मिनिटांच्या आतला उशीर म्हणजे वेळेवरच. गाडी बदलायला सहा मिनिटं आहेत असं ॲप म्हणालं की त्याला हसून पुढची गाडी निवड.

शहरातल्या बसला दरवाजावर कंडक्टर नसतो म्हणून तिकीट नको असं नाही. साध्या कपड्यांतला तपासनीस येतो आणि विनातिकीट ६० युरो घेतो, ‘मी कालच आले’ हे त्याने बऱ्याच भाषांत ऐकलेलं असतं. प्रवेश घेतल्यावर सत्राच्या फीमध्ये तुला पास मिळेल. तो कधीपासून लागू होतो ते विचारून घे, तोवर डॉइचलांडटिकेट. ते वर्गणीसारखं आहे, आपोआप पुढे चालू राहतं. थांबवायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. आयसीईमध्ये ते चालत नाही, कोलोन–आखेन साध्या गाडीत चालतं.

सामानात आई तूप देणारच. घेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा सगळंच बाद. ताजा कढीपत्ताही कागदपत्रांशिवाय नाही. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, चिवडा बिनधास्त. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. औषधं तीन महिन्यांपुरती आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागेल. कागदांची फाइल हातात ठेव: प्रवेशपत्र, विमा, ब्लॉक्ड अकाउंट, खोलीचा करार. विमानतळावरचा अधिकारी मागेल तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असते, हे मी तीनदा पाहिलंय.

युरोप हिंडण्याचं तू शेवटच्या ओळीत लाजत लाजत विचारलंस. लाजू नकोस, पण पहिले दोन महिने थांब. तुझ्या जर्मन व्हिसावर आणि नंतरच्या राहण्याच्या परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. लंडन आणि डब्लिन त्यात नाहीत. रेल्वेचा पास घ्यायचा झाला तर ‘इंटररेल’ बघ, ‘युरेल’ हा युरोपात न राहणाऱ्यांसाठी असतो. २७ वर्षांपर्यंत सवलत आहे. युरोपातला कुठलाही रेल्वेप्रवास ठरवायला ‘सीट सिक्स्टी वन’ नावाची एक साइट आहे, २००१ पासून मार्क स्मिथ नावाचा जुना रेल्वेवाला ती चालवतो. तुझ्या ॲपच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच, आणि ते ॲप नाही.

पहिली सहल मात्र फुकट होईल. आखेनहून सिटी बसने हॉलंडमधलं फाल्स. तिथून वर चढलं की जर्मनी, बेल्जियम आणि हॉलंड एका दगडाशी भेटतात. उंची ३२२ मीटर, आणि डच लोक त्याला डोंगर म्हणतात. कराडजवळचा आगाशिव डोंगर चढलेल्या पोरीने तिथे तोंड बंद ठेवायचं. पासपोर्ट मात्र जवळ हवा. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या जमिनीच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि परतीच्या बसमध्ये पोलीस चढू शकतात.

११२ हा रुग्णवाहिकेचा आणि आगीचा नंबर, ११० पोलिसांचा. रात्री ताप आला पण जीवावर बेतलेलं नाही, तर ११६११७. आत्ताच फोनमध्ये टाक, माझ्या नंबराच्या वर.

स्टुडियरेंडनवेर्कचं उत्तर आलं की आधी मला पाठव. मामाला नमस्कार सांग.

तुझा,
आखेनचा मामा

ता. क. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका. तेलकट म्हणून ज्वलनशील मानतात आणि मुंबईलाच काढून घेतात. किसून, भाजून, मसाल्यात दळून आण.