मधल्या महिन्यांतील परदेशप्रवास : आठवडे मोजा, पण ठिकाणही पाहा

प्रश्न : मी रावेर तालुक्यात राहते. माझे पती केळीच्या व्यवसायात असून जानेवारीत त्यांना कामानिमित्त बँकॉकला जायचे आहे. मीही सोबत जावे आणि तिथून कंबोडियातील अंकोर वाट व पुढे व्हिएतनाम पाहून यावे, असे आम्ही आधीच ठरवले होते. आता मला दिवस गेले असून प्रवासाच्या वेळी अठरावा आठवडा असेल. सातव्या महिन्यातले ओटीभरण होईपर्यंत गावाबाहेर पाऊल टाकू नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. तर मधले तीन महिने प्रवासाला उत्तम असतात, असे पती म्हणतात. कोणाचे ऐकावे? ते एकटे जाऊन आले तर काही धोका नाही ना? माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे.

उत्तर : काळाबाबत आपल्या पतींचे म्हणणे बरोबर आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात उलट्या-मळमळ बहुधा ओसरलेली असते, गर्भपाताची शक्यता पहिल्या तिमाहीपेक्षा बरीच कमी झालेली असते आणि पोटाचा भारही फार नसतो. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर प्रवासास नकार देतात. म्हणजे आपल्याला विमानाची अडचण नाही. तरीही मी आपल्याला या वेळी हा प्रवास करू नका असेच सांगेन, कारण प्रश्न आठवड्यांचा नसून ठिकाणाचा आहे.

थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम या तिन्ही देशांत झिका विषाणू आढळलेला आहे. डेंग्यू पसरवणारा, दिवसा चावणारा एडिस डासच तो पसरवतो. आईला जेमतेम ताप येतो, अंगावर पुरळ उठते, अनेकदा काहीच जाणवत नाही. पण गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटून बाळ लहान डोक्याचे जन्मू शकते, आणि त्यावर लस किंवा औषध नाही. २०२४ मध्ये पुण्यातही गर्भवतींना ही लागण झाली होती, त्यामुळे घरी असतानाही पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि घराभोवती पाणी साचू न देणे ही काळजी घ्यावीच. हिवतापाचे म्हणाल तर अंकोर वाटच्या परिसरात त्याचा धोका फारसा नाही, परंतु या देशांच्या सीमांवरील जंगलपट्ट्यांत नेहमीच्या औषधांना दाद न देणारा हिवताप आहे आणि गरोदरपणात तो फार गंभीर रूप घेतो.

आपला रक्तगट हे माझ्या नकाराचे दुसरे कारण आहे. भारतात शंभरात सुमारे पाच जणांचा रक्तगट निगेटिव्ह असतो. थायलंड किंवा व्हिएतनाममध्ये शंभरात एकाचाही नसतो. तिथे अचानक रक्तस्राव झाला, तर भाषा न कळणाऱ्या गावात बी निगेटिव्ह रक्त शोधणे किती कठीण जाईल, याचा विचार करावा. शिवाय रक्तस्राव झाल्यास किंवा पोटाला मार लागल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन घ्यावे लागते; बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह असल्यास निगेटिव्ह गटाच्या आईच्या शरीरात त्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत, यासाठी ते देतात. अनेक प्रवास विम्यांत गरोदरपणाशी संबंधित खर्च धरलेला नसतो, हेही लक्षात असू द्यावे.

पतींनी एकट्याने जाण्यास हरकत नाही, परंतु एक गोष्ट संकोच न बाळगता सांगतो : झिका शरीरसंबंधांतूनही पसरतो आणि पुरुषाला लक्षणे नसली तरी पसरू शकतो. म्हणून त्यांनी तिथे दिवसभर डासप्रतिबंधक मलम लावावे आणि परतल्यावर बाळंतपण होईपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरावा.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, मात्र प्रकृती ठीक असताना घरातच बसून राहण्याची गरज नाही. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची, बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी झाली आणि आपल्या डॉक्टरांनी संमती दिली, की दोघांनी वेरूळचे कैलास लेणे पाहून यावे. वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबवून थोडे चालावे, म्हणजे पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. पुढच्या तपासणीला जाताना पतींच्या रक्तगटाचा अहवाल सोबत न्यावा. त्यांचा गट पॉझिटिव्ह असल्यास २८व्या आठवड्यातील अँटी-डी इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांशी आताच बोलून ठेवावे.