मेलेला कावळा नेमका कोणत्या खात्याचा?

तुम्ही विचारलंय की साथ आल्यावर आरोग्य, पशुसंवर्धन, वनखातं आणि महापालिका खरंच मिळून काम करतात, की फक्त पत्रं पाठवून मोकळे होतात. खरं सांगायचं तर दोन्ही होतं. सोलापूर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. खालच्या टोकाला जे दिसतं तेवढंच सांगतो.

मार्च 2025 मध्ये सोलापुरात किल्ला आणि तलावाच्या भागात कावळे मरून पडत होते. रस्त्यावरून उचलायचा तर तो महापालिकेचा. रानपाखरू म्हणून वनखात्याचा. नमुना घ्यायचा तर आमच्या खात्याचा. आणि उघड्या हातांनी उचलणाऱ्याला ताप भरला, तर मामला आरोग्य खात्याचा. प्रत्येकाचा साहेब वेगळा, त्या साहेबाचं मंत्रालयही वेगळं.

नमुन्याचा प्रवास बघा. पक्षी दुहेरी प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधायचा, बाहेरून जंतुनाशक फवारायचं, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवायचा आणि पेटीसोबत खात्याचा माणूस पाठवायचा. आधी पुण्याला औंधची प्रयोगशाळा, मग भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था. एच5एन1 वर, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूवर, शिक्कामोर्तब तिथंच होतं. अहवाल दिल्लीला जातो, तिथून राज्याकडे, मग जिल्ह्यात. त्यानंतर 2009 च्या प्राणी रोग प्रतिबंधक कायद्याखाली जिल्हाधिकारी आदेश काढतात. तोपर्यंत खाली कोणी वाट बघत बसत नाही, ओळखीच्या फोनवरच बरीचशी कामं उरकतात. हातमोजे महापालिकेच्या गोदामात आणि फवारणी पंप मलेरिया विभागाकडे, ही माहिती कुठल्या परिपत्रकात सापडणार?

माणसांच्या आजारांची नोंद केंद्राच्या आयएचआयपी या रोगनोंदीच्या पोर्टलवर होते, विषाणूचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत जातात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा गुइलेन-बॅरे आजार) रुग्ण वाढले, तेव्हा केंद्राच्या पथकात एनसीडीसी (दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र), निमहान्स (बंगळुरूची मेंदू-मज्जारोगांची संस्था) आणि एनआयव्हीची माणसं होती. तिन्ही आरोग्य मंत्रालयाच्याच छताखाली, म्हणून जमवाजमव सोपी. कोंबडी किंवा कावळा आला की छप्पर बदलतं. ही दरी बुजवायला राष्ट्रीय वन हेल्थ (One Health, म्हणजे माणूस, जनावरं आणि निसर्ग यांचं आरोग्य एकत्र बघणं) मिशन आहे, त्यासाठीच्या नागपूरच्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली.

मला विचाराल तर खरी गळती सरकारी खात्यांमध्ये नाहीच, शेडवर आहे. करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं आणि मर वाढली की पहिला येणारा डॉक्टरही कंपनीचा. मर कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. शिवाय बातमी फुटली की भाव कोसळतो. मग शेतकरी गपचूप खड्डा खणतो, उरलेला माल रातोरात गाडीत भरतो. आमच्याकडून विजयपूर, कलबुर्गी काही लांब नाही. गाडी सीमेपलीकडे गेली की दुसरं राज्य, दुसरी यंत्रणा. कंपन्यांच्या डॉक्टरांना जिल्ह्याच्या बैठकीत खुर्ची द्या, असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो. (चहा चांगला असायचा त्या बैठकीत.)

तुमच्या भागात एकदम चार-सहा पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका, कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नका. 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. कुणी आधीच हाताळले असतील तर त्याचं नाव आरोग्य केंद्रात द्या, म्हणजे दहा दिवस त्याच्या तापावर लक्ष राहील.