प्लायवूडचं गणित ते नोबेल: कांतोरोविचबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात १९७५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा ओझरता उल्लेख आला होता, त्यात लिओनिद कांतोरोविच हे नाव वाचून बऱ्याच जणांनी विचारलं की हा कोण बुवा. काही प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न: सोव्हिएत युनियनमधल्या माणसाला अर्थशास्त्राचं नोबेल? मुळात हा गणितवाला होता की अर्थशास्त्रवाला?

आधी गणितवाला, आणि तोही साधासुधा नाही. जन्म १९ जानेवारी १९१२ चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील डॉक्टर होते, ते १९२२ मध्येच गेले. पोरगं चौदाव्या वर्षी लेनिनग्राड (म्हणजे तेच सेंट पीटर्सबर्ग, नाव बदललेलं) विद्यापीठात गणिताला, अठराव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर, आणि १९३४ मध्ये म्हणजे बाविसाव्या वर्षी तिथेच प्रोफेसर. डॉक्टरेट तर १९३५ मध्ये प्रबंध सादर न करताच मिळाली, कारण क्रांतीनंतर बंद केलेल्या या पदव्या सरकारने नुकत्याच परत सुरू केल्या होत्या आणि याचं काम तोवर एवढं छापून आलं होतं की वेगळी परीक्षा कशाला घ्यायची. विषय फंक्शनल ॲनॅलिसिस, म्हणजे गणिताची एक अमूर्त शाखा, ज्याचा बाजारभावाशी वगैरे काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा एकमेव सोव्हिएत नागरिक. लिओन्तिएफ या मूळच्या रशियन अर्थशास्त्रज्ञाचं नाव घेऊन वाद घालायला येऊ नका, त्याला मिळालं तेव्हा तो केव्हाचाच अमेरिकन झाला होता.

प्रश्न: प्लायवूडच्या कारखान्याचं गणित सोडवून नोबेल मिळालं असं ऐकलंय. खरं का? जमलं तर सोपं करून सांगा, आम्ही कॉमर्सवाले आहोत.

अर्धं खरं. १९३८ मध्ये प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेची माणसं त्याच्याकडे एक प्रश्न घेऊन आली. लाकडाचे ओंडके सोलून पातळ थर काढणारी मशिनं होती आठ, लाकूड पाच प्रकारचं, आणि प्रत्येक मशीनचा स्पीड प्रत्येक लाकडाला वेगळा. पाचही प्रकारचा माल ठरलेल्या प्रमाणातच निघायला हवा, आणि एकूण जास्तीत जास्त निघायला हवा. मग कुठल्या मशीनवर काय आणि किती वेळ लावायचं? दिसायला शाळकरी, पण सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर त्याच्याच हिशेबाने प्रत्येकी १२ अज्ञातांच्या समीकरणांचे सुमारे १०० कोटी संच सोडवावे लागले असते, आणि कॉम्प्युटर तर तेव्हा नव्हताच.

खरी गंमत बघायची तर छोटं उदाहरण घेऊ, आकडे माझे. मशीन दोनच आणि माल दोनच, 'क' आणि 'ख', दोन्ही समसमान हवेत, एक क आणि एक ख मिळून एक जोडी. नवं मशीन तासाला क काढतं २० किंवा ख काढतं ४०. जुनं मशीन तासाला क १० किंवा ख पण १० च. हातात तीन तास. सरळ डोक्याचा मॅनेजर काय करेल, प्रत्येक मशीनने आपापल्या जोड्या पूर्ण करा म्हणेल, म्हणजे नवं दोन तास क आणि एक तास ख, झाल्या ४० जोड्या, जुनं दीड-दीड तास, झाल्या १५. एकूण ५५. आता जुन्या मशीनला तिन्ही तास फक्त क वर जुंपा, ३० क आले. नव्याला दीड तास क, दीड तास ख, म्हणजे ३० क आणि ६० ख. मोजा, ६० जोड्या. मशीन तीच, माणसं तीच, वेळ तोच, आणि पाच जोड्या वर.

दोन मशीनला हे कागदावर जमतं, आठ मशीनला नाही. कांतोरोविचची युक्ती अशी की वाटप थेट शोधत बसायचं नाही, आधी प्रत्येक मालाला एक आकडा चिकटवायचा. त्याने या आकड्यांना 'सोडवणारे गुणक' म्हटलं. आपल्या उदाहरणात ख ला १ धरा आणि क ला २. आता जुन्या मशीनवरचा कामगार स्वतःच बघेल की तासभर क काढला तर २० गुण, ख काढला तर १०, मग तो क च काढणार, वरून कुणी सांगायची गरजच नाही. नव्या मशीनला दोन्हीकडे ४० च, म्हणून ते दोन्ही करेल आणि प्रमाण सांभाळेल. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट हाती लागते: नव्या मशीनच्या तासाची किंमत ४०, जुन्याच्या तासाची २०. तीन तासांचे एकूण १८० गुण, एका जोडीचे ३, भागा, ६० जोड्याच येतात. ताळा जुळला.

हे आकडे म्हणजे किंमतीच की हो. बाजार नाही, दुकानदार नाही, घासाघीस नाही, नुसत्या उत्पादनाच्या आकडेमोडीतून बाहेर पडलेल्या किंमती. आज ओआर, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, शिकणारी पोरं यालाच शॅडो प्राइस म्हणतात, आणि अख्ख्या पद्धतीला लिनिअर प्रोग्रॅमिंग. त्याने हे १९३९ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत छापलं, आणि त्यात प्लायवूडच नाही तर शेतजमिनीचं वाटप, मालवाहतूक, कापाकापीत वाया जाणारा माल, असे एकामागून एक प्रश्न याच साच्यात बसतात हेही दाखवलं. माझ्या मते नोबेल खरं त्या दाखवण्याला आहे.

प्रश्न: नियोजन करणाऱ्या सरकारला तर ही लॉटरीच! मग त्याला डोक्यावर का नाही घेतलं?

कारण त्याच किंमती. वरच्या उदाहरणात मशीनच्या तासाला किंमत आली ना? तशीच ती चांगल्या जमिनीला येते, दुर्मिळ कच्च्या मालाला येते. आणि सरकारमान्य सिद्धांत काय, तर मूल्य फक्त श्रमातून निर्माण होतं. म्हणजे हा माणूस समाजवादी नियोजन सुधारायला निघालेला, पण त्याच्या वहीतून भांडवलदारांच्या पुस्तकातल्यासारख्या दिसणाऱ्या किंमती बाहेर पडायला लागल्या. युद्ध चालू असतानाच १९४२ मध्ये त्याने सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेला ही पद्धत कशी लावायची यावर पुस्तक लिहून काढलं आणि नियोजन मंडळाकडे, म्हणजे गॉसप्लानकडे नेलं. तिथल्या चर्चेत एकाने विचारलं म्हणे की इथे ऑप्टिममच्या, म्हणजे सर्वांत उत्तम वाटपाच्या, गोष्टी चालल्यात, पण ऑप्टिमम ऑप्टिमम कोण करतं, तर तो फॅसिस्ट पारेतो (इटलीचा अर्थशास्त्रज्ञ)! त्या काळात, त्या देशात असं बोलणं म्हणजे नुसता टोमणा नव्हता, माणूस गायब होऊ शकत होता. कांतोरोविचने ओळखायचं ते ओळखलं आणि अर्थशास्त्राचं काम गुंडाळून ठेवलं. बरं, सरकारला त्याचं गणित मात्र चालत होतं, १९४९ मध्ये फंक्शनल ॲनॅलिसिसवरच्या कामासाठी चक्क स्टॅलिन पुरस्कार दिला. डोकं पाहिजे पण त्यातून निघणारे निष्कर्ष नकोत, असा सगळा मामला.

ते १९४२ चं पुस्तक छापून आलं १९५९ मध्ये, १७ वर्षांनी. स्टॅलिन गेल्यावर वारं थोडं फिरलं, आणि नेमचिनोव्ह नावाच्या वजनदार अर्थशास्त्रज्ञाने त्याची बाजू लावून धरली. १९६० मध्ये कांतोरोविच सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला गेला, तिथे नवी विज्ञाननगरी उभी राहत होती आणि मॉस्कोपासून लांब असल्याने मोकळीक जरा जास्त. १९६४ ला सोव्हिएत विज्ञान अकादमीचा पूर्ण सदस्य, १९६५ ला नेमचिनोव्ह आणि नोवोझिलोव्ह यांच्यासोबत लेनिन पुरस्कार. नेमचिनोव्ह तोवर वारला होता. एकाच माणसाला स्टॅलिन, लेनिन आणि नोबेल! हे कॉम्बिनेशन फार कमी जणांच्या कपाटात सापडेल.

प्रश्न: पण प्रत्यक्ष कारखान्यात कधी वापरलं का कुणी, की सगळं कागदावरच?

वापरलं. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडच्या येगोरोव्ह रेल्वे डब्यांच्या कारखान्यात त्याने आणि झालगालर या तरुण गणितज्ञाने पोलादाचे पत्रे कसे कापायचे याचा हिशेब बसवून दिला, म्हणजे एका पत्र्यातून जास्तीत जास्त भाग निघतील आणि कतरण कमीत कमी पडेल. त्यावर दोघांचं १९५१ मध्ये पुस्तकही आलं. आणि याच कारखान्याचा तो प्रसिद्ध किस्सा, जो गणितज्ञ मंडळी अजून चवीने सांगतात: कतरण कमी झाली हे ठीक, पण कारखान्याला दर वर्षी ठरावीक टन भंगार जमा करायचंही टार्गेट होतं! माल वाचवला म्हणून भंगार पुरेना, भंगार पुरेना म्हणून वरून झाडाझडती. शंभर टक्के तसंच घडलं का देव जाणे, पण त्या व्यवस्थेची नस मात्र यात बरोब्बर पकडलीय.

आणि इथेच तुमच्यापैकी काहींनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, की मग देशभर ही पद्धत का नाही चालली. गणिताला खरे आकडे लागतात. आपली मशिनं खरोखर किती काढू शकतात हे मॅनेजर वर कळवणारच नाही, कळवलं की पुढच्या वर्षीचं टार्गेट वाढलंच समजा. आकडे पेरलेले असतील तर गुणक कितीही हुशार असोत, काय कामाचे? कांतोरोविच स्वतः भाबडा नव्हता, नोबेलच्या भाषणातही त्याने अडचणींबद्दल मोकळेपणाने बोलून घेतलं, भाषणाच्या नावातच 'अडचणी' हा शब्द आहे. पण सगळ्या देशाचा प्लॅन या रस्त्याने करता येईल ही त्याची आशा जरा जास्तच होती असं मला वाटतं.

प्रश्न: आम्हाला कॉलेजात लिनिअर प्रोग्रॅमिंगचा जनक डँटझिग असं शिकवलं. मग खरा कोण? आणि डँटझिगला नोबेल का नाही?

दोघंही खरे. कांतोरोविच १९३९, पण त्याचं काम देशाबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. जॉर्ज डँटझिगने १९४७ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करताना स्वतंत्रपणे असे प्रश्न पायरीपायरीने सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली, आणि तुम्ही परीक्षेत ज्या टेबलांवर पानं भरता ती त्याची देणगी, कांतोरोविचची नाही. तिसरा त्यालिंग कूपमान्स, जन्माने डच अर्थशास्त्रज्ञ, त्याने युद्धकाळात जहाजांच्या वाहतुकीवर काम करताना असंच काहीसं गाठलं होतं. पन्नाशीच्या दशकात कूपमान्सला कांतोरोविचच्या पुस्तिकेचा सुगावा लागला, त्याने पत्र लिहिलं, आणि १९६० मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत छापून आला.

१९७५ चं नोबेल मिळालं कांतोरोविच आणि कूपमान्स या दोघांना, साधनांच्या इष्टतम वाटपाच्या सिद्धांतासाठी. डँटझिग राहिला. समितीच्या मनात काय होतं ते समितीलाच माहीत, त्याचं काम अर्थशास्त्र कमी आणि गणित जास्त वाटलं असेल असा तर्क लोक करतात, पण मग कांतोरोविच काय वेगळा होता? कूपमान्सला हे फार लागलं, त्याने आपल्या बक्षिसातला एक भाग डँटझिगच्या सन्मानार्थ एका संशोधन संस्थेला देऊन टाकला. अशी माणसं आता दुर्मिळ.

प्रश्न: मी गणितात एमएस्सी करतेय, अर्थशास्त्रात जायचा विचार आहे. आजच्या काळात कांतोरोविचचं काय वाचण्यासारखं आहे?

ताई, १९४२ चाच एक छोटा शोधनिबंध, वस्तुमानाच्या स्थलांतरावरचा. मातीचा ढीग इथून उचलून तिथल्या खड्ड्यात कमीत कमी कष्टात कसा न्यायचा हा प्रश्न फ्रान्सच्या मोंज या गणितज्ञाने १७८१ मध्ये मांडला होता आणि तो भलताच चिवट निघाला. कांतोरोविचने तो सैल केला, एका जागची माती फोडून अनेक ठिकाणी न्यायला परवानगी दिली, आणि मग तीच किंमतींची युक्ती इथेही लागू पडली. आपला प्रश्न आणि मोंजचा प्रश्न एकच आहे हे त्याच्या नंतर लक्षात आलं, १९४८ मध्ये त्याने तशी एक टीप छापली. आज मशीन लर्निंगवाले दोन संभाव्यता-वितरणांमधलं अंतर मोजायला जे वासरस्टाइन अंतर वापरतात ते मूळचं याचंच, रशियात त्याला कांतोरोविचच्या नावानेच ओळखतात. त्याचा जीव ७ एप्रिल १९८६ ला मॉस्कोत गेला, त्यामुळे हे सगळं बघायला तो नव्हता. तुमचं फंक्शनल ॲनॅलिसिस पक्कं असेल तर निबंध एका बैठकीत वाचून होईल, नसेल तर आधी ड्युअल स्पेसचं प्रकरण काढा.