कंपनी लॅपटॉपचा धंदा सोडतेय? मशीन विकू नका, पण सर्व्हिस सेंटरला सोडूनही येऊ नका

तुमची पोस्ट वाचली. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी गेल्या दिवाळीत लॅपटॉप घेतला, जादा पैसे भरून वॉरंटी तीन वर्षांची करून घेतली, आणि आता बातमी आली की कंपनी घरगुती कॉम्प्युटरचा धंदाच बंद करतेय. त्यात स्क्रीनची बिजागरी सैल झालीय, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ‘मशीन ठेवून जा, पार्ट आला की फोन करतो’, आणि तुमचे भाऊजी म्हणतात, येईल त्या किमतीला आत्ताच काढून टाका.

ते ‘मशीन ठेवून जा’ वाचलं आणि लिहायला बसलो. याच वाक्यापायी माझा एक उत्तम लॅपटॉप गेला. बिल जपा, बॅकअप घ्या वगैरे सांगत नाही, ते तुम्ही केलंच असेल. मी वकील नाही आणि कुठल्या कंपनीशी माझा संबंध नाही. जे भोगलं आणि नंतर वाचून-विचारून कळलं, तेवढंच लिहितोय.

आधी भाऊजींच्या सल्ल्याबद्दल. घाईने विकू नका. १८ ऑगस्ट २०११ रोजी एचपीने, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या पीसी कंपनीने, पीसी विभाग वेगळा काढायचा विचार चालू असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी शेअर साधारण वीस टक्क्यांनी कोसळला. पुढच्याच महिन्यात लिओ अपोथेकर यांचं सीईओपद गेलं, मेग व्हिटमन आल्या, आणि २७ ऑक्टोबरला कंपनीने सांगितलं की पीसी विभाग आमच्याकडेच राहणार. हिशेब मांडल्यावर लक्षात आलं होतं की सुटे भाग एकगठ्ठा घेण्याचा फायदा सगळ्या कंपनीला मिळतो आणि विभाग तोडायचा खर्चच प्रचंड आहे. मधल्या दहा आठवड्यांत ज्यांनी घाबरून मशीन विकली असतील, त्यांनी विनाकारण तोटा सोसला.

आणि कंपनी खरोखर बाहेर पडली, तरी बहुतेक वेळा धंदा दुसऱ्याच्या हाती जातो. आयबीएमने डिसेंबर २००४ मध्ये पीसीचा धंदा लेनोव्होला विकायचं ठरवलं, मे २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला, आणि आयबीएमचा थिंकपॅड हा लॅपटॉप आजही बाजारात आहे. सोनीने ६ फेब्रुवारी २०१४ रोजी वायो हा आपला कॉम्प्युटरचा धंदा विकत असल्याचं जाहीर केलं, तेव्हाच सांगितलं होतं की विकलेल्या मशीनची सेवा सोनीच देईल. तोशिबाने तर १९८५ मध्ये टी ११०० आणून जगाला लॅपटॉपची सवय लावली. तिने २०१८ मध्ये पीसी कंपनीचा ८०.१ टक्के हिस्सा शार्पला दिला आणि उरलेला २०२० मध्ये. तिथेही डायनाबुक या नावाने काम चालू राहिलं.

म्हणजे कंपनी गेली की वॉरंटी संपली, असं सहसा होत नाही. धोका असतो तो मधल्या काळात. जुन्या कंपनीचं लक्ष उडालेलं असतं, नवी अजून बसलेली नसते, आणि तुमच्या गावातलं सेंटर हे बहुतेक वेळा कंपनीचं नसतंच. ते एखाद्या स्थानिक पार्टीला कंत्राटावर दिलेलं असतं. त्या पार्टीला कळलेलं असतं की हे कंत्राट आता जाणार. तिथल्या कुणालाही तुमच्या बिजागरीसाठी मेल करत बसण्यात रस उरलेला नसतो.

माझं असंच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, सेंटरचंही नाही. लॅपटॉप वॉरंटीत होता. एक दिवस चार्जर लावला की नारिंगी दिवा लुकलुकायचा आणि पुढे काहीच नाही. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेला होता. पुण्यातल्या अधिकृत सेंटरला दिला. काउंटरवरच्या मुलाने जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, दोनच शब्द लिहिले, ‘नो पॉवर’, खाली सिरियल नंबर, आणि म्हणाला, बोर्ड ऑर्डर करतो. त्याच सुमारास कंपनीचा तो विभाग विकला गेल्याची बातमी आली. मी फोन करत राहिलो, ‘पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे’ हे उत्तर मिळत राहिलं. मग एकदा गेलो तर सेंटरच्या शटरवर दुसऱ्याच ब्रँडची पाटी. चौकशी केल्यावर कळलं की सगळी पडून असलेली मशीन परगावच्या गोदामात हलवलीत. जुन्या कंपनीचा कॉल सेंटरवाला म्हणे, हा विभाग आता आमच्याकडे नाही. नव्या कंपनीचा म्हणे, तुमचा सिरियल नंबर आमच्या यादीत दिसत नाही. या टोलवाटोलवीत वॉरंटीची मुदत संपली, मशीन त्यांच्याच ताब्यात असताना! आणि मग मला बोर्डाचं एस्टिमेट पाठवलं गेलं, कारण मशीन आता ‘आउट ऑफ वॉरंटी’ आहे.

पण सर्वांत महाग पडलं ते वेगळंच. खूप मागे लागल्यावर सर्व्हिस हिस्टरीचं प्रिंट हाती आलं, तर त्यात माझं जॉब, म्हणजे दुरुस्तीचं काम, केव्हाच बंद केलेलं. कारण लिहिलं होतं, ‘ग्राहकाने दुरुस्ती नाकारली.’ मला कुणी विचारलंच नव्हतं. कंत्राट सोडताना प्रलंबित कामांची यादी कोरी दाखवायची म्हणून कुणीतरी माझ्या नावावर तो शेरा मारून दिला होता. पुढे जिथे जिथे गेलो तिथे पहिल्यांदा तीच ओळ समोर धरली गेली. खोटं बोलणारा मी ठरत होतो. लॅपटॉपच्या पैशांपेक्षा ती ओळ आजही जास्त लागते. शेवटी ग्राहक मंचात तक्रार टाकली (आता त्याला आयोग म्हणतात), तेव्हा तडजोड होऊन काही पैसे परत मिळाले. मशीन मिळालं ते उघडलेलं, हार्डडिस्कविना.

म्हणून तुम्हाला माझं ठाम मत सांगतो. मशीन चालू आहे ना? मग पार्ट येईपर्यंत ते घरीच राहू द्या. सेंटरला म्हणा, मशीन तपासा, जॉब उघडा, पार्ट मागवा, आला की मी घेऊन येतो. ते नाही म्हणतील, ‘सिस्टिम अलाऊ करत नाही’ म्हणतील. आग्रह धरा, बहुतेक वेळा जमतं. निदान माझ्या ओळखीतल्यांना जमलंय. ठेवावंच लागलं, तर जॉबशीट वाचून सही करा. त्यावर बिघाड नीट शब्दांत हवा, वॉरंटी अमुक तारखेपर्यंत चालू आहे असं हवं, मागवलेल्या पार्टचा नंबर हवा. आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला दोन ओळी पाठवा: आज मशीन दिलं, मी दुरुस्ती नाकारलेली नाही, माझ्या लेखी संमतीशिवाय हे जॉब बंद करू नये. एवढा एक ईमेल माझ्याकडे असता तर तो शेरा पहिल्याच दिवशी खोटा ठरला असता.

तुमच्या बिजागरीबद्दल मुद्दाम सांगतो. बिजागरी सैल होते म्हणजे बहुधा तिचे स्क्रू ज्या पितळी बुशात बसतात ते बुश प्लॅस्टिकमधून उखडलेले असतात. सेंटरची पहिली प्रतिक्रिया असते ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही’. त्यामुळे देण्याआधी चारी कोपऱ्यांचे, झाकणाचे, तळाचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, आणि कुठे तडा किंवा आपटल्याची खूण नाही हे जॉबशीटवर लिहून घ्या. मुलीला सांगा, तोवर झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायचं नाही, मध्ये धरून हळू उघडायचं. नाहीतर बिजागरी बॉडी फाडते आणि स्क्रीनची वायरही चिमटते, मग खर्च वेगळाच.

आता कोणाकडे मागायचं. लॅपटॉपचं खोकं टाकलं नसेल तर काढा. त्यावर पांढरं स्टिकर असतं, एमआरपीचं. त्यावर आयात करणाऱ्या किंवा इथे बनवणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा ईमेल छापलेला असतो, कायद्याने तो छापावाच लागतो. तुमचं पत्र जायला हवं ते त्या पत्त्यावर, स्पीड पोस्टने, पोच ठेवून. सेंटरच्या मॅनेजरशी भांडण्यात शक्ती घालवू नका. आणि जादा पैसे भरून घेतलेल्या वॉरंटीचा कागद नीट वाचा. कधी ती कंपनीची असते, कधी दुकानाची, कधी तिसऱ्याच कुणाची. तिसऱ्याची असेल तर कंपनी राहिली काय नि गेली काय, त्याची जबाबदारी तशीच उभी आहे, आणि तो ‘कंपनीच बंद झाली’ म्हणून हात झटकू लागला तर ऐकून घेऊ नका.

सरळ मागून मिळालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही कंपन्या तेवढ्यानेच हलतात. नाहीच हलल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, त्यामुळे ‘पार्ट येतोय’ ऐकत बसू नका. तुमच्या प्रकरणातले बारकावे जाणकाराला विचारा, मी सांगतोय ते ढोबळ आहे.

पार्टची काळजी सगळीच करू नका. रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड सुटं बसवलेलं असेल तर जुळत्या प्रकारचं दुसऱ्या कंपनीचंही बहुतेक वेळा चालतं. स्क्रीनचं पॅनेलही बऱ्याचदा बीओई, एयूओ अशा मोजक्या कंपन्यांचं असतं, मॉडेल नंबर जुळला की मिळतं. अडकतं ते बॅटरी, बिजागरी, बॉडी आणि मदरबोर्डपाशी. बॅटरीचा पार्ट नंबर आजच लिहून ठेवा. पण आत्ताच जादा बॅटरी घेऊन कपाटात ठेवू नका, लिथियम बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते. मदरबोर्डचं म्हणाल तर नाव कुणाचंही असो, बोर्ड बऱ्याचदा कॉम्पाल किंवा क्वांटासारख्या तैवानी कंपनीने बनवलेला असतो आणि त्यावर तिचा नंबर छापलेला असतो. कॉम्पालचा ‘एलए’ने सुरू होतो, क्वांटाचा ‘डीए’ने. पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा चांगला कारागीर ब्रँड विचारत नाही, तो नंबर विचारतो. वॉरंटी संपल्यावर तुमचा खरा आधार तोच. वॉरंटीत असताना मात्र त्याच्याकडून उघडून घेऊ नका.

ड्रायव्हर आणि बायोसच्या फायली (मशीनचे भाग चालवणारी आणि मशीन सुरू करणारी सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवर आहेत तोवर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. धंदा हस्तांतरित झाला की ही पानं हलतात, शोधून सापडत नाहीत.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का बघा, आणि असेल तर त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा नंबर) कागदावर लिहून ठेवा. सेंटरने मदरबोर्ड बदलला की मशीन ती ४८ आकडी की मागतं. नसेल तर मुलीची प्रोजेक्टं डिस्कवर असूनही कुणालाच उघडता येणार नाहीत.

दुसरी मुलगीही लॅपटॉप मागतेय आणि याच कंपनीचा माल आता अर्ध्या किमतीत मिळतोय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. माझं मत, नको. एचपीने त्याच २०११ मध्ये टचपॅड टॅबलेट बंद केला तेव्हा ४९९ डॉलरचा टॅबलेट ९९ ला विकला आणि लोक तुटून पडले. पुढे हौशी लोकांनी त्यावर अँड्रॉइड चढवून तो वापरला, पण ज्यांना ते जमणारं नव्हतं त्यांच्याकडे अ‍ॅप नसलेली काच उरली. लॅपटॉपवर विंडोज तरी चालेल, हे मान्य. पण ज्या बिजागरीसाठी तुम्ही आज हेलपाटे घालताय, तीच दोन मशीनमध्ये घरात येईल.

उद्या सेंटरला जाल तेव्हा त्यांनी जॉबशीटवर काय लिहिलं त्याचा फोटो इथे टाका, सिरियल नंबर आणि फोन नंबर झाकून. पत्राचा मसुदा मी लिहून देतो, माझ्याकडे जुना आहे. त्यात तारखा आणि वॉरंटीचा तपशील तेवढा तुमचा घालावा लागेल.