डार्क चॉकलेटमधल्या शिसं-कॅडमियम या विषारी धातूंना किती घाबरायचं?

दादरहून विचारलंय: रोज ७०% डार्क चॉकलेटचे दोन तुकडे खाते, पाच वर्षांची लेकही मागते, बंद करू का?

तुमचं चालू द्या, लेकीचं थांबवा. युरोपात अशा चॉकलेटमध्ये कॅडमियमची कमाल मर्यादा किलोमागे ०.८ मिलिग्रॅम. म्हणजे दोन तुकडे दहा ग्रॅमचे धरले तर त्यात जास्तीत जास्त ८ मायक्रोग्रॅम, आठवड्याला ५६. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेनुसार शरीराच्या किलोमागे आठवड्याला २.५ मायक्रोग्रॅम कॅडमियम चालतं, ६० किलोला १५०, पण १८ किलोच्या पोरीला फक्त ४५! शिवाय भात-भाजीतलं वेगळंच. शिशाला तर सुरक्षित पातळीच नाही, आणि ते वाढत्या मेंदूलाच जास्त बाधतं. तिला कधीतरी मिल्क चॉकलेट द्या, त्यात कोको कमी. गरोदर असाल तर मात्र तुम्हीही हात आखडता घ्या.