ओसीडी गेला तर हुशारीही जाईल का?

"मॅडम, हा आजार हुशार लोकांनाच होतो ना?"

ओसीडीबद्दल, म्हणजे नको ते विचार मनात आणून त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराबद्दल, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. आईवडील विचारतात तेव्हा त्यांना थोडा दिलासा हवा असतो. पेशंट स्वतः विचारतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा आत दुसरीच भीती असते: मी बरा झालो तर माझ्यातलं जे चांगलं आहे तेही जाईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. खरं काम असतं ते दुसऱ्यावर.

ऋजुता (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) सीएची आर्टिकलशिप करत होती. बोलायला सुरुवात बाबांनीच केली. "लहानपणापासून काटेकोर आहे हो ती. हुशार मुलांचं असंच असतं. टेस्लालाही होता म्हणतात." टेस्ला हा संशोधक पावलं मोजत चालायचा हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, पण ओसीडीचं लेबल त्याला लोकांनी मागाहून चिकटवलं. असो.

ऋजुताने पिशवीतून लेजरची, म्हणजे हिशेबाच्या खातेवहीची, प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक आकड्यासमोर हिरव्या पेनाची टिक, तिच्या शेजारी पेन्सिलीची टिक आणि तिच्याही शेजारी एक बारीक टिंब.

"टिंब कशाचं?"

"टिक करताना माझं लक्ष होतं ना, ते तपासल्याचं."

ऑफिस सहाला सुटायचं, ही नऊला निघायची. घरी आल्यावर "बाबा, टोटल चुकली नसेल ना?" सुरू व्हायचं. बाबा बिचारे "नाही गं" म्हणत राहायचे.

बुद्धीचा आणि ओसीडीचा संबंध जोडायची सवय जुनी आहे. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९०९ मध्ये मांडलेली या आजाराची गाजलेली केस एका वकिलाची होती. ज्याच्या दारात शिकलेली, फी परवडणारी माणसंच येतात, त्याला हा आजार शहाण्यांचा वाटला तर नवल नाही. २०१८ मध्ये अब्रामोविच आणि सहकाऱ्यांनी ९८ अभ्यास एकत्र करून पाहिले. ओसीडी असलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त निघाला नाही. सरासरीने तो किंचित कमीच भरला, आणि तोही सर्वसाधारण मर्यादेत. मी एका धर्मादाय दवाखान्यातही बसते. तिथे धुणीभांडी करणारी एक बाई येते. भांडं पुन्हा पुन्हा घासल्याशिवाय तिचा हात थांबत नाही, त्यापायी तिची कामं सुटली. तिला कुणी परफेक्शनिस्ट म्हणत नाही, वेळकाढू म्हणतात. आजार मात्र तोच.

हे सगळं ऋजुताला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पण मी तपासणं सोडलं तर माझ्यात उरणार काय? सर मला याच्यासाठीच तर ठेवतात."

यावर आम्ही बरेच दिवस अडलो होतो. मग एकदा मी विचारलं, "सरांनी तुझं शेवटचं कौतुक कशाबद्दल केलं होतं?"

"एका क्लायंटने एकच बिल दोनदा खर्ची टाकलं होतं. मी पकडलं."

"कितव्या तपासणीत?"

"तपासणीत नाही. पान उलटताना नंबर ओळखीचा वाटला."

"म्हणजे पहिल्याच नजरेत. आणि टिंबाच्या फेरीत आजवर किती चुका सापडल्या?"

ती प्रिंटची पानं मागेपुढे करू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एकही नाही. उलट एकदा बरोबर आकडा खोडून मीच चूक केली होती."

हा प्रश्न सुचला याचं मला आजही बरं वाटतं. तिची नजर तिची स्वतःची होती, पहिल्या टिकेपर्यंत तिने काम चोख केलेलं असायचं. पुढच्या फेऱ्या चूक शोधायला नव्हत्याच, खात्री मिळवायला होत्या. आणि खात्री अशी मिळत नाही. व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ मध्ये निरोगी लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण पहिल्याइतकीच अचूक राहिली, आठवणीवरचा भरवसा तेवढा घसरला. तपासून तपासून संशय वाढतो तो असा.

गुणांशी संबंध अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. हा आजार माणसाला जे जपावंसं वाटतं नेमकं तिथेच जाऊन बसतो. बाळंतिणीला आपल्याच बाळाला इजा होईल असे विचार छळतात, देवभोळ्याच्या मनात देवघरासमोर शिव्या येतात. ऋजुताला जबाबदारी मोलाची वाटते, म्हणून तिच्या वाट्याला आकडे आले. ती जबाबदारीची जाणीव आजाराने दिलेली नाही, आणि तो गेल्यावर ती जाणारही नाही.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणाऱ्या हट्टी समजुती तपासून बदलायच्या पद्धतीने, काम करणारी, त्यामुळे "माझ्याकडून चूक होताच कामा नये" या हट्टावर आमची बरीच खडाजंगी झाली. चूक होऊ नये ही इच्छा ठेव, हट्ट सोड, एवढंच माझं म्हणणं. पण नुसत्या बोलण्याने ओसीडी हलत नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावं. प्रत्यक्ष करावं लागतं. टिक एकच, टिंब बंद. मैत्रिणीला मुद्दाम एक अक्षर चुकवून मेल करायचा आणि तो पुन्हा उघडायचा नाही. पहिल्या आठवड्यात रात्री रडारड झाली. जीव कासावीस होतो, पण काहीही न तपासता ती कासाविशी आपोआप उतरते, हे तिने अनुभवलं. मी सांगून ते पटलं नसतं.

सगळ्यात अवघड गृहपाठ बाबांना होता: "टोटल बरोबर आहे" असं म्हणायचं नाही. त्यांना तो दुष्टपणा वाटला. पण असल्या दिलाशावरच हा आजार पोसला जातो, मग दिलासा कितीही मायेने दिलेला असो. चिडूही नये. "आपलं काय ठरलंय?" एवढं म्हणून जेवायला वाढावं.

सोबत मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही होत्या. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, मध्येच मनाने बंद करू नयेत. गोळ्यांनी डोकं मठ्ठ होईल ही भीती ऋजुतालाही होती. सुरुवातीला थोडी मळमळ झाली, डोकं होतं तसंच राहिलं.

आता ती सहा-साडेसहाला निघते. परीक्षेच्या दिवसांत टिंबं परत डोकावली होती, ती आवरली. गोळ्या कधी कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील. मध्यंतरी सरांनी तिच्यावर एका नव्या मुलाचं काम तपासायची जबाबदारी टाकली. "एकदाच तपासलं तर चालेल ना, मॅडम?" असा तिचा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही.