उंदराची किडनी आणि तुझे टाके

अगं, मेसेज काल रात्री वाचला. पुण्याच्या लॅबमध्ये उंदरांवर किडनी ट्रान्सप्लांटचं काम मिळालं म्हणतीस, लई भारी! पण पहिल्या चारातले तीन उंदीर गेले म्हणून रडत बसू नको. २५ ग्रॅमचा जीव तो, अंगात सगळं मिळून दोनेक मिली रक्त, त्यातलं अर्धा मिली सांडलं की खेळ खलास. आणि टाक्यांचा टेन-झिरो नंबरचा दोरा केसाहून बारीक. माझी आई यंत्रमागावर तुटलेला धागा गप्पा मारत जोडायची, बोटांकडे बघायची पण नाही, आणि मी तिचाच पोरगा असून मला हे टाके नीट जमायला वर्ष गेलं.

आता माझी फजिती सांगतो. आठव्या दिवशी एका उंदराचं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनी रक्तातली घाण गाळेना, मी वहीत 'रिजेक्शन', म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारली, असं लिहून मोकळा. पोट उघडलं तर किडनी पाण्याने फुग्यासारखी फुगलेली, मूत्रवाहिनी मूत्राशयापाशी पिळवटलेली. परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या टी सेलचा काही संबंधच नाही, माझ्याच हाताचा प्रताप! म्हणून ब्लॅक सिक्सची किडनी ब्लॅक सिक्सलाच लावलेला एक गट कायम ठेव, त्या जातीचे सगळे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे. १९५४ मध्ये बोस्टनला सर्जन जोसेफ मरेंनी एका पेशंटला त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाची किडनी बसवली ती टिकली कारण शरीराला ती परकी वाटलीच नाही, तसंच हे. तो गट पण आजारी पडायला लागला तर औषधं, अँटिबॉडीचे उपचार सगळं बाजूला ठेवायचं आणि परत टाके शिकायचे.

उंदराची स्वतःची एक किडनी आत राहिली असेल तर क्रिएटिनिन छान येतं आणि आपण उगाच खूश होतो. ती काही दिवसांनी काढायचीच.

जोडी निवडताना पण जपून. डीबीए टू या दुसऱ्या जातीच्या उंदराची किडनी ब्लॅक सिक्सला लावली की बऱ्याचदा औषधाशिवाय टिकते, त्याच डोनरचं हृदय किंवा कातडी मात्र तो फेकून देतो. अशा जोडीवर औषध तपासलंस तर फुकटचं श्रेय औषधाला जाणार. बिनऔषधाचा गट हवाच, गाईड काय पण म्हणू दे.

आणि एक, पिंजऱ्यातला उंदीर फार सोवळ्यात वाढलेला असतो, म्हणून मेमरी सेल, म्हणजे आधी भेटलेला शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, कमी. आपल्या सोलापुरात डायलिसिसला येणारी बाई बघ, दोन-तीन बाळंतपणं झालेली, रक्त चढवलेलं, नवरा किडनी द्यायला तयार, पण बाळंतपणांमुळे त्याच्याच पेशींविरुद्ध तिच्या अंगात आधीच अँटिबॉडी असू शकतात. तुझा उंदीर हे आपणहून सांगणार नाही, त्याला आधी त्याच डोनर जातीची कातडी लावून मुद्दाम भडकवावं लागतं.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने ये, किडनीच्या स्लाइड घेऊन ये, मी बघतो. वर नुसता नंबर टाक, कुठला गट ते मला अजिबात सांगू नको, नाहीतर मी आधीच मत बनवून बघणार. शेंगाचटणी करून ठेवायला सांगितलीय.